साधनं उघडी झाल्यावर

शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी झाला, हे कशावरून? शाळेत आपण तारीख पाठ केली. ती ठरली कशी, हे ना आपण विचारलं, ना कोणी आपण होऊन सांगितलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक लेखक जन्माचं साल 1627 धरत, कारण बखरींवरून तसं चालत आलं होतं. 1916 साली लोकमान्य टिळकांनी भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे सालवार टिपण : अमुक शके, अमुक महिना, अमुक घडलं. त्यात जन्माची नोंद निघाली ती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरच्या ग्रंथसंग्रहात कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'ची प्रत मिळाली आणि 1927 मध्ये ते काव्य छापून आलं. त्यातही तीच तिथी. एक मराठी टिपण मावळातल्या देशमुखाच्या घरातलं, दुसरं संस्कृत काव्य थेट तंजावरातलं. दोन्ही लिहिणारे वेगळे, लिहिण्याची कारणं वेगळी, आणि तिथी मात्र एक. पुरावा म्हणतात तो याला.

यातला एक दुवा तर आज कोणालाही घरबसल्या तपासता येतो. 19 फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे; आपल्या आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरप्रमाणे तो दिवस 1 मार्च 1630 येतो. त्या दिवशी वार कोणता होता, हे मोबाइलवर काढून पाहा. शुक्रवार येतो. शकावली लिहिणाऱ्याने वार बरोबर लिहिला होता.

ही शकावली आपटे आणि दिवेकर यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'शिवचरित्रप्रदीपा'त आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते पुस्तक पाहायचं तर पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जावं लागे, किंवा एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांची मर्जी सांभाळावी लागे. आज त्याची पानं इंटरनेट अर्काइव्हवर उघडतात. राजवाड्यांचे साधनांचे खंड, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह', सरदेसायांनी संपादलेले पेशवे दफ्तराचे खंड, मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स, मोल्सवर्थचा कोश, असं बरंच काही जिंतूरच्या शिक्षकाला आणि न्यू जर्सीतल्या मराठी मुलीला सारख्याच अंतरावर आलं आहे. ही गोष्ट किती मोठी आहे, हे आपल्या अजून पुरतं लक्षात आलेलं नाही असं मला वाटतं.

मोठी अशासाठी, की मराठ्यांच्या इतिहासात साधन हाती असणं ही कायम सत्तेची बाब राहिली. ग्रँट डफने 1826 मध्ये आपला इतिहास प्रसिद्ध केला तो साताऱ्याच्या दरबारात इंग्रजांचा अधिकारी असताना मिळालेल्या कागदांच्या जोरावर. त्याच्या चुका दाखवायच्या तर त्याने पाहिलेले कागद आपल्यालाही पाहायला हवेत, हे नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांपासून पुढच्या पिढीला उमगत गेलं. 1878 मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघालं, ते मुळात जुनी साधनं छापण्यासाठी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तर गावोगाव हिंडले, देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरांतले, माळ्यावरचे, देवघरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवत बसले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये आला आणि पुढे ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्यांची मतं पटोत वा न पटोत, आणि जातीविषयीची त्यांची अनेक मतं मला मुळीच पटत नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी केली : आपल्या निष्कर्षांबरोबर मूळ पत्रं वाचकाच्या पुढ्यात ठेवली. ती पत्रं वाचून राजवाड्यांच्या विरुद्ध बोलण्याची सोय राजवाड्यांनीच करून ठेवली आहे.

पेशवे दफ्तराची कथा याच्या उलट. 1818 मध्ये राज्य गेलं तसं दफ्तरही इंग्रजांच्या ताब्यात गेलं. ते जपलं गेलं, कारण इनामं, वतनं, सारा यांचे दावे तोडायला ते लागत होतं. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिथे मोकळेपणी शिरकाव नव्हता. या कागदांतून कोणाचा हक्क, कोणाचा अभिमान जागा होईल, याची सरकारला धास्ती होती. तीस हजारांहून अधिक रुमाल, आणि दार बंद. अखेर गोविंद सखाराम सरदेसायांवर काम सोपवलं गेलं आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी पंचेचाळीस खंड बाहेर पडले. काम अफाट होतं. तरीही ते निवडक होतं. कोणता कागद छापायचा आणि कोणता परत रुमालात बांधायचा, हे संपादकाने ठरवलं, आणि त्या काळच्या आवडीप्रमाणे लढाया, तह, कारस्थानं यांना मान मिळाला.

म्हणून मला गणेश चिमणाजी वाडांनी काढलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीतल्या उताऱ्यांचं मोल अधिक वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी या रोजनिशांवर प्रस्तावना लिहिली, कारण राज्य रोजच्या रोज कसं चालत होतं ते त्यांत दिसतं. गावचा तंटा, दंड, दुष्काळात सोडलेला सारा, दारूविषयीचे हुकूम, वेठ. आणि कुणबिणी. विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, सरकारी कोठीत कामाला लावलेल्या बायकांच्या नोंदी तिथे आहेत, जनावरांच्या आणि धान्याच्या नोंदी असाव्यात तितक्या कोरड्या भाषेत. पेशवाईवरची कितीतरी पुस्तकं वाचून झालेल्या माणसालाही या बायका भेटलेल्या नसतात. संशोधकांना त्या माहीत होत्या; त्यांच्यावर चांगले प्रबंध झाले आहेत. फरक एवढाच, की आता एखादी बारावीतली मुलगी त्या नोंदीपर्यंत स्वतः पोचू शकते आणि वर्गात उभी राहून विचारू शकते की हे आमच्या पुस्तकात का नाही. तो प्रश्न तिला कोणी शिकवावा लागत नाही. कागद समोर आला की तो आपोआप येतो.

आता अडचणी. पहिली साधी : पुस्तक आहे, पण सापडत नाही. भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पात लाखो पुस्तकं स्कॅन झाली, पण नावं रोमन लिपीत, जो बसला त्याने जशी टंकली तशी. एकट्या 'मराठ्यांच्या' या शब्दाची तऱ्हेतऱ्हेची रूपं तिथे भेटतात. मुखपृष्ठ नाही, खंड क्रमांक चुकलेला, मधलीच पानं तिरपी. पुढे ते मूळ संकेतस्थळ बंद झालं. पुस्तकं टिकली, कारण कोणीतरी वेळेवर त्यांची दुसरी प्रत इंटरनेट अर्काइव्हवर नेऊन ठेवली होती. एका ठिकाणी ठेवलेली गोष्ट ठेवल्यासारखी नसते, ती कागदाची असो की विजेची.

दुसरी अडचण खोल आहे. छापील खंड देवनागरीत आहेत, पण न छापलेला डोंगर मोडी लिपीत आहे, आणि मोडी वाचणारे थोडे. अक्षर लागलं तरी काळ लागत नाही. पत्राच्या शेवटी 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं तर नवखा तिथेच पुस्तक मिटतो. ते अरबी आकडे आहेत : एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन 1161. हे साल मृगाला सुरू होतं. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवले की इसवी सन मिळतो. उत्तर 1760-61. म्हणजे तो कागद पानिपतच्या वर्षातला आहे. हे सगळं समजायला पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं देणारं कोणीतरी लागतं. नुसतं स्कॅन करून टाकलेलं पान हे अर्धं काम आहे. त्याच्याबरोबर सूची, लिप्यंतर, कालगणनेचा तक्ता आणि चार ओळींची ओळख नसेल, तर ते पान पूर्वी जितक्या लोकांना उपयोगी होतं तितक्यांनाच राहतं. सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या प्रत्येक डिजिटायझेशनच्या कंत्राटात पानांच्या संख्येइतकंच सूचीलाही महत्त्व असायला हवं.

तिसरी गोष्ट अडचण म्हणावी की अन्याय, मी अन्यायच म्हणेन. ज्यांच्या घरी दफ्तर होतं त्यांचा इतिहास दफ्तरात राहिला. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्या घरात रुमाल कुठून सापडणार? राजवाडे ज्या माळ्यांवर चढले ते वाड्यांचे माळे होते. महारवाड्यातला, मांगवाड्यातला, कातकऱ्यांच्या पाड्यावरचा कागद हा फार करून दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याविषयी लिहिलेला कागद असतो. सगळी जुनी पुस्तकं जशीच्या तशी जाळ्यावर चढवली तर ही पोकळीही जशीच्या तशी चढते, आणि आता सगळं उपलब्ध आहे असा भास मात्र होतो.

या पोकळीला उत्तर शोधणारी कामं झाली आहेत आणि ती मला सर्वांत आशादायक वाटतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात आहे, पुष्कळ ओव्या बायकांच्या मूळ आवाजात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या त्यात ऐकायला मिळतात. सही-शिक्का नसलेलं हे साधन आहे, पण बाबासाहेब त्या घरांमध्ये कसे पोचले, हे कोणत्या सरकारी कागदात सापडणार? दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आज फुकट उतरवून घेता येतात. 1919 मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी दिलेली साक्ष पहिल्याच खंडात आहे. बाबासाहेब काय म्हणाले यावर गावच्या पारावर वाद झाला, तर खंड काढून पान दाखवता येतं. महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचंही तसंच. वर्षानुवर्षं या दोघांविषयी दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकत आलेल्या समाजाच्या हाती त्यांचे शब्द थेट येणं, याच्याइतकी या माध्यमाची दुसरी कमाई नाही.

उघड्या साधनांचा गैरवापर होतो, हेही खरं. एका पत्रातल्या दोन ओळी कापून, वर भडक मथळा लावून त्या मोबाइलवर फिरवल्या जातात. एकोणिसाव्या शतकातली बखर आणि समकालीन पत्र एकाच वजनाने पुढे केली जातात. यावर काही अभ्यासक म्हणतात, की साधनं जाणत्यांच्याच हाती असलेली बरी. मला हे अजिबात मान्य नाही. दार बंद असतानाही खोटा इतिहास सांगितला जात होता. तेव्हा तो खोडायला सामान्य माणसाजवळ काही नव्हतं एवढंच. कापलेल्या दोन ओळींना उत्तर म्हणजे ते अख्खं पत्र, आणि ते आता कोणालाही काढता येतं. म्हणून असा मजकूर आला की पाठवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्या : खंड कोणता, लेखांक कोणता?

आणि एक विनंती. तुमच्या घरी, आजोळी, गावच्या देवळात मोडी कागदांचा रुमाल असेल तर या वर्षी तो सोडा. कागद ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रम मोडू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली नोंद अनेकदा पत्राइतकीच महत्त्वाची असते. मूळ कागद तुमचेच राहू द्या, पण फोटोंची एक प्रत मोडी जाणणाऱ्याला आणि एक जवळच्या संशोधन मंडळाला द्या. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. पुढच्या पावसाळ्याआधी हे करा.