कड्याच्या कुशीतील घरे

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी दऱ्यांमधून सहकुटुंब मोटारप्रवास करणाऱ्यांना कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डे येथे वालुकाश्माच्या, म्हणजे वाळूचे थर घट्ट होऊन बनलेल्या खडकाच्या, कपारींत प्वेब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली दगडी घरे पाहायला मिळतात. त्यांपैकी ‘क्लिफ पॅलेस’ या वस्तीत सुमारे १५० खोल्या आणि २३ ‘किवा’, म्हणजे विधींसाठी व एकत्र बसण्यासाठी जमिनीत खोदलेल्या गोल खोल्या, आहेत. झाडाच्या खोडात वर्षागणिक पडणाऱ्या वलयांवरून १२७६ ते १२९९ या काळात या प्रदेशात दीर्घ अवर्षण झाल्याचे कळते आणि १३००च्या सुमारास ही घरे रिकामी झाली. तेथील रहिवासी गूढरीत्या नाहीसे झाले, असे मुलांना सांगणे मात्र त्या समाजावर अन्याय करणारे आहे. कारण ते दक्षिणेकडे गेले आणि होपी, झुनी व इतर प्वेब्लो समाज त्यांचेच वंशज आहेत. ॲरिझोनातील कॅन्यन द शे या दरीत तर जुन्या अवशेषांच्या सान्निध्यात नावाहो या दुसऱ्या मूळ अमेरिकी समाजाची कुटुंबे आजही राहतात व शेती करतात, त्यामुळे तिच्या तळाशी उतरताना बहुतेक ठिकाणी नावाहो वाटाड्या सोबत असणे बंधनकारक आहे.