पुरजळचे न्यायमूर्ती

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या गावांत पुरजळही आहे. पूर्वीच्या वसमत तालुक्यातल्या या गावी 1867 मध्ये केशवराव कोरटकरांचा जन्म झाला. आधी गुलबर्ग्याला आणि मग हैदराबादेत त्यांनी वकिली केली आणि पुढे ते निजामाच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1932 मध्ये ते गेले. त्यांचं नाव हैदराबादेत आजही घेतलं जातं. जन्मभूमीत मात्र ते क्वचितच कानी पडतं, याची खंत वाटते.

ते ज्या व्यवस्थेत न्यायदानाला बसले, ती आधी समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानाच्या कचेऱ्यांत फारसी जाऊन उर्दू आली. मराठवाड्यातल्या कुळाला त्यानं काय फरक पडणार? जमिनीचा तंटा तो मराठीत सांगे, अर्जनवीस तो उर्दूत उतरवी आणि खाली अंगठा उठे. आपल्या नावानं नेमकं काय मागितलं आहे, हे त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवलं तरच कळे. अशा वेळी उर्दू कायदा मुखोद्गत असलेला आणि कुळाची बोली घरचीच असलेला वकील म्हणजे मोठा आधार होता.

न्यायाधीशाच्या खुर्चीमागे बळ कुणाचं, हाही प्रश्न होताच. त्याच काळात अमेरिकेत अनेक राज्यांचे न्यायाधीश मतं मागून निवडून येत. थॉमस कूली 1864 मध्ये असेच मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. राज्यघटना विधिमंडळाला कुठं अडवते, यावर त्यांनी 1868 मध्ये ग्रंथ लिहिला. तो देशभर प्रमाण मानला गेला. तरीही 1885 मध्ये मतदारांनी त्यांना घरी बसवलं. हैदराबादेत मतदार नव्हता आणि राजाला अडवणारी घटनाही नव्हती. 1921 मध्ये न्यायखातं कारभारापासून वेगळं झालं, ही त्या काळी फार पुढची सुधारणा होती, पण तीही फर्मानानंच. जे एका फर्मानानं मिळतं, ते दुसऱ्या फर्मानानं जाऊ शकतं.

म्हणून कोरटकरांचं मोठेपण निकालपत्रांपेक्षा कोर्टाबाहेर शोधावं लागतं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी सरकारी नोकरीत राहून सभा, परिषदा उभ्या केल्या. कोरटकरांची वाट तीच, फक्त जमीन जास्त खडकाळ. वामनराव नाईकांसारखे सहकारी घेऊन त्यांनी 1907 च्या सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभी केली. आर्य समाजाचं नेतृत्व केलं. मुलाला, विनायकरावांना, थेट हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत धाडलं. निजामी राज्यात उर्दूवर चरितार्थ चालवणाऱ्या माणसानं मुलाला हिंदीतून शिकवायला इतक्या लांब पाठवावं, हा निर्णय साधा नव्हता.

या कामाची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर 1921 मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. वकील अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहताच सभेतून हुर्यो झाली आणि त्यांना बोलू दिलं गेलं नाही. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी तिथूनच आंध्र जनसंघाची सुरुवात केली. उर्दूपुढं आपल्या भाषेची मुस्कटदाबी होते म्हणून कळवळणारे मराठी लोक शेजाऱ्याची भाषा ऐकून घेऊ शकले नाहीत. विवेकवर्धिनीचा इतिहास लिहिताना हे पान वगळणं म्हणजे तिच्या नावाशीच प्रतारणा ठरेल.

1929 मध्ये संस्थानात त्रेपन्न नंबरची गश्ती, म्हणजे सरकारी परिपत्रक, निघाली आणि जाहीर सभेला आगाऊ परवानगी लागू लागली. शाळेच्या वर्गाला मात्र रोज परवानगी मागावी लागत नव्हती. कोरटकरांच्या पिढीनं शिक्षणावर एवढा भर का दिला, याचं निदान एक उत्तर इथं मिळतं. विनायकराव बॅरिस्टर झाले, भारताच्या पोलीस कारवाईनं निजामी राजवट संपल्यावर हैदराबाद राज्यात मंत्री झाले. 1940 मध्ये केशवरावांच्या स्मरणार्थ नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा सुरू झाली. तिचा आता मोठा शिक्षणसमूह झाला आहे.

हिंगोलीत काय करता येईल? वसमत-हिंगोली भागात मराठीइतकीच सहज उर्दू वाचणारी माणसं आजही आहेत. त्या काळच्या हैदराबादी कोर्टाचं कामकाज याच उर्दूत चाले. कोरटकरांनी दिलेले निकाल हुडकून ते मराठीत आणायचे असतील, तर त्या कामाला याहून योग्य जिल्हा दुसरा नाही.