चिंध्यांचा चेंडू आणि खेळाचा नियम

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे बारामती व इंदापूर या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर संध्याकाळीं एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. शाळा सुटलेली असते, वडील मंडळी अजून शेतांत असतात, आणि पाण्याच्या चारीच्या कांठीं पांचदहा मुलें एका चेंडूमागें धांवत असतात. तो चेंडू दुकानांतला नसतो. जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबाव्या, वरून सुतळी गुंडाळावी, सायकलची फाटकी ट्यूब कापून तिच्या रबरी कड्या त्यावर ताणून बसवाव्या, कीं चेंडू तयार झाला. खेळही असाच घरीं केलेला असतो. त्यास पुस्तक नाहीं, पंच नाहीं, आणि पुष्कळ वेळां नांवही नाहीं. मोठीं माणसें जातां जातां म्हणतात, "काय हा पोरखेळ!" आम्हींही तसें म्हटलेलें आहे. परंतु या पोरखेळांत एक प्रश्न आहे, आणि तो विचारी माणसानें टाळूं नये. जो नियम आपणच केला तो आपणांस कितपत बांधतो? आणि तो बदलण्याचा अधिकार कोणास व केव्हां प्राप्त होतो?

गेल्या हंगामांत नीरा डाव्या कालव्याच्या भिजणाऱ्या पट्ट्यांतील एका वस्तीवर आम्ही असाच एक खेळ पाहत उभे राहिलों. भिंतीशीं एक घमेलें टेकून ठेविलें होतें. एकानें चेंडू टाकावयाचा व दुसऱ्यानें तो पायांतल्या चपलेनें टोलवावयाचा; घमेलें वाजलें कीं टोलविणारा बाद. चेंडू चारींत पडला तर ज्यानें टोलविला त्यानेंच तो काढावयाचा. पण भिजलेला चेंडू जड होतो, म्हणून पुढच्या टोल्यास दुप्पट गुण. चेंडू जर कोंबडीस अगर शेळीस लागला, तर सर्वांनीं होते तेथें खालीं बसावयाचें, आणि जो शेवटीं बसेल तो बाद. या खेळाचें नांव त्यांनीं ‘ओलासुका’ असें ठेविलें होतें.

जवळच ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून हीं कुटुंबें दरवर्षीं दसऱ्यादिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन इकडे येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोघेंही पहाटेपासून फडांत असतात, म्हणून पाठच्या भावंडास सांभाळण्याचें काम आठनऊ वर्षांच्या मुलीवर येऊन पडतें. अशीच एक मुलगी भावाला कडेवर घेऊन खेळ पाहत उभी होती.

वस्तीवरच्या एका मुलीनें तिला विचारलें, "येतीस का गं खेळायला?"

ती म्हणाली, "ह्याला कुठं ठेवू?"

एक मुलगा म्हणाला, "मग तिला लिंबूटिंबू घ्या."

त्यावर ती मुलगी मान हलवून म्हणाली, "मला तसलं नको. बादच व्हायचं न्हाई, तर खेळ कसला?"

क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग पहिली मुलगी म्हणाली, "आसं करू. समद्यांनी एकाच हातानं खेळायचं. दुसरा हात कमरंवर. आन् कुणी पळायचं न्हाई, चालायचं."

ज्या मुलाचे गुण सर्वांत जास्त झाले होते तो रागावून म्हणाला, "मधीच कसा नेम बदलता? ह्यो रडीचा डाव हाय!"

बरीच हुज्जत झाली. शेवटीं असें ठरलें कीं, त्या मुलाचे गुण होते तसेच राहावे आणि नवा नियम पुढील डावापासून चालावा. त्यानें थोडा विचार केला व आपला हात कमरेवर ठेविला. पुढें चेंडू शेळीस लागला तेव्हां कडेवर मूल घेऊन उठण्याबसण्याची संवय असलेली ती मुलगी सर्वांच्या आधीं बसली, आणि तो मुलगा सर्वांच्या शेवटीं. तो बाद झाला, पण सर्वांबरोबर तोही हंसत होता.

वाचकहो, या भांडणांत त्या मुलाची बाजू चुकीची होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘रडीचा डाव’ हा आपल्या भाषेंतील मोठा मार्मिक शब्द आहे. हरूं लागला कीं नियम फिरविणारा मनुष्य आपणांस खेळांत आवडत नाहीं, व्यवहारांत आवडत नाहीं, आणि मंडळींतही आवडूं नये. जो स्पर्धा करितो त्यानें ती नियमानुसार केली नाहीं तर त्यास मुगूट मिळत नाहीं, हा दाखला पौल तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत देतो. चिंध्यांच्या चेंडूचा नियमसुद्धां एक वचन आहे. तें पाळण्यास शिपाई नाहीं, दंड नाहीं. केवळ एकमेकांवरील विश्वासानें तें टिकतें. लहानपणीं असें वचन पाळावयास शिकलेला मनुष्य मोठेपणीं कोणी पाहत नसतांही वजनमाप खरें ठेवील.

परंतु त्या मुलीचीही बाजू चुकीची नव्हती. तिनेंही नियम बदलला, पण त्यापासून तिला स्वतःला लाभ कांहींच नव्हता. उलट तिचाही एक हात अडकला. तिनें तो सर्वांसमक्ष बदलला, सर्वांस विचारून बदलला, आणि ज्याचें नुकसान होणार होतें त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें. रडीचा डाव स्वतःला वांचविण्यासाठीं असतो. हा बदल बाहेर उभ्या असलेल्यास आंत घेण्यासाठीं होता. नियम बदलला कीं नाहीं एवढेंच पाहिल्यास दोन्ही कृत्यें एक दिसतात. कोणासाठीं बदलला, हें विचारिलें म्हणजे त्यांत जमीनअस्मानाचें अंतर दिसतें.

आतां लिंबूटिंबूविषयीं दोन शब्द. ही चाल दयेची आहे यांत शंका नाहीं. तीनचार वर्षांच्या बाळास ती पुरते. पण ज्यास समज आली आहे त्यास ती बोचते. ज्याच्या बाद होण्यानें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं त्याच्या खेळण्यानेंही कोणाचें कांहीं घडत नाहीं, हें त्या मुलीनें आमच्याआधीं ओळखिलें. तिला सवलत नको होती. तिला भागी व्हावयाचें होतें.

इतरांस इजा होऊं नये व सर्वांस खेळतां यावें म्हणून नियम करावा, या विचारांतून मोठे खेळही जन्मास आले आहेत. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणशाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. हिंवाळ्यामुळें आंत कोंडल्या गेलेल्या अठरा तरुणांच्या एका दांडग्या वर्गासाठीं त्यांस खेळ शोधावयाचा होता. त्यांनीं फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या, एक फुटबॉल घेतला व तेरा नियम लिहिले. चेंडू घेऊन कोणी धांवूं नये, म्हणजे त्यास कोणी पाडावयास जाणार नाहीं. टोपली डोक्यावर उंच असावी, म्हणजे चेंडू जोरानें न मारतां अलगद टाकावा लागेल. ही दुसरी युक्ति त्यांस कानडा देशांतील आपल्या बाळपणच्या एका खेळावरून सुचली. त्या खेळांत खडकावर ठेविलेला दगड दुसऱ्या दगडानें पाडावयाचा असे. आपल्या लगोरीचाच तो एक दूरचा भाऊ. त्या टोपल्यांपासून झालेला बास्केटबॉल आज जगभर खेळला जातो.

हें सर्व आमच्या मंडळ्यांनीं कां वाचावें? कारण आम्हीही नियम करणारे लोक आहों. समजा, उपासनेची वेळ रविवारीं सकाळीं दहाची आहे. वाडवडिलांपासून ती तशीच आहे, आणि ती पाळणें चांगलें आहे. पण शेजारच्या कोपींतील एखाद्या कुटुंबास प्रार्थनेस यावयाचें आहे आणि कोयत्यास सकाळीं सुटी नाहीं, तर आम्ही काय करणार? ‘वेळ ठरलेली आहे’ असें म्हणून थांबणार, कीं हंगामापुरती एक उपासना दिवेलागणीस ठेवणार? आणि तें कुटुंब आलें, तर त्यास मागच्या सतरंजीवर बसवून, नाताळांत मिठाई देऊन, पण वाचन, गायन, प्रार्थना यांपैकीं कशांतही न घेतां, त्यास मंडळीचें लिंबूटिंबू करून ठेवणार काय? शब्बाथ कोणासाठीं झाला, याचें उत्तर प्रभूनें परूश्यांस दिलें तो प्रसंग मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. प्रत्येक पंचकमिटीनें तो वर्षांतून एकदां तरी एकत्र वाचावा, अशी आमची विनंति आहे.

जखऱ्या संदेष्ट्यास सुखी यरुशलेमेचें जें दर्शन झालें त्यांत काठी टेकीत बसलेलीं वृद्ध माणसें आहेत, आणि चौकांत खेळणाऱ्या मुलामुलींची गर्दी आहे. देवाच्या नगरांत खेळास जागा आहे. म्हणून आईबापांनो व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, चिंध्यांचा चेंडू हिसकावून घेऊं नका, आणि शिटी घेऊन त्यांच्यामध्यें धांवूंही नका. थोडे दूर उभे राहा. कोण बाहेर राहिलें आहे तें पाहा; आणि त्याला आंत घेण्यास मुलें कोणता नियम करितात तो ऐकून घ्या.