डाव आणि दगा

हरलेल्या माणसाच्या तोंडून जो पहिला शब्द निघतो, ती साक्ष मानावी काय? हा प्रश्न आम्हांला गेल्या दिवाळीत पडला, आणि तोही अगदी क्षुल्लक निमित्ताने. आमचा भाचा सुट्टीत जयपुरास आला होता. येताना त्याने ‘टेकन’ नावाचा लढतीचा खेळ बरोबर आणला. १९९४ साली जपानात निघालेला हा खेळ. पडद्यावर दोन योद्धे झुंजतात आणि समोर बसलेले दोघे हातांतल्या कळा दाबून त्यांना लढवितात. आम्ही सर्वस्वी नवखे. आमच्या योद्ध्याने बचावाचा पवित्रा घेतला की भाच्याचा योद्धा सरळ जवळ येई, आमच्या गड्याला उचली आणि आपटी. सहा वेळा असे झाले. सातव्या वेळी आम्ही उद्गारलो, “हा तर शुद्ध दगा आहे!”

“दगा नाही मामा, थ्रो आहे,” तो शांतपणे म्हणाला. “ब्लॉकनं नुसता मार अडतो. थ्रो आला की तो सोडवायचा, नाहीतर खाली बसायचं.”

पुढे दोन दिवस आम्ही त्याच्यापाशी शब्दच शिकत होतो. सेकंदाचा साठावा भाग म्हणजे एक फ्रेम. फटका अडविला गेला की मारणारा काही फ्रेम अडकून पडतो. तेवढ्यात त्याला हाणणे म्हणजे पनिश. सर्वांत चपळ ठोसाही लागायला साधारण दहा फ्रेम घेतो. तेव्हा जो दहा फ्रेम मागे राहिला तो सापडलाच. ज्याला आम्ही दैव म्हणत होतो तो साधा हिशेब निघाला. आम्ही पुढेही हरतच राहिलो (भाच्याने मामाची भीड यत्किंचितही ठेवली नाही), पण मनातली जळजळ गेली. आधी नुसता गोंधळ दिसत होता, आता डाव दिसू लागले.

हा पोरखेळ झाला असे कोणी म्हणेल. पण खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा लाल मातीतला हा कसलेला मल्लही तेथे एका परीने नवखाच होता. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली; तेथे पायांखाली गादी, आणि पाठ न टेकताही गुणांवर निकाल. ते सहावे आले. मात्र परक्या नियमांना दोष देऊन ते थांबले नाहीत. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तेव्हा अन्यायाची ओरड हे बहुधा अज्ञानाचेच दुसरे नाव, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्हीही तो काढला होता, आणि एकदा वापरलाही होता. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या टेबलावरील एका गृहस्थांची शाळेचे वर्ष अर्धे सरले असता दूरच्या प्रांती बदली झाली. ते म्हणाले, “हा अन्याय आहे.” आम्ही त्यांना आदेशातील ‘सार्वजनिक हितास्तव’ हे शब्द दाखविले, नियमही वाचून दाखविला. ते गप्प झाले. त्यांना ज्ञान झाले, असे आम्ही त्या वेळी समजलो. वस्तुतः त्यांच्या हातून केवळ तक्रार निसटली होती.

भाच्याला शहर दाखविताना आम्ही बड्या चौपडीपाशी उभे होतो. १७२७ साली वसविलेल्या या नगरीत हमरस्ते जेथे फुलीसारखे छेदतात, त्या चौकांना सोंगट्यांच्या पटाचे नाव आहे. पट म्हटला की मराठी माणसाला धर्मराज आठवल्यावाचून राहत नाही. त्याला द्यूताची आवड होती, विद्या नव्हती. ती त्याने वनवासात बृहदश्व ऋषींपासून घेतली, असे वनपर्व सांगते. म्हणजे पराभवात त्याच्या अज्ञानाचा वाटा होता, हे व्यासांनीही लपविलेले नाही. पण अक्षविद्या हाती आल्याने शकुनीचे कपट पुसले गेले काय? आणि द्रौपदीचे काय? त्या सभेत द्यूताचे नियम जाणणाऱ्यांची वाण नव्हती. स्वतःला आधी हरलेल्याला पत्नी पणास लावता येते काय, हा तिचा प्रश्नही नियमाचाच होता. भीष्मांसारख्याने धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून तो तसाच ठेवला.

भाच्यासमोर आम्ही आपल्या हाताने कळा घेऊन बसलो होतो. खाशाबा स्वतः गादीवर उतरले होते. धर्मराजही, बोलावणे नाकारता येत नाही असे म्हणत का होईना, पटावर बसला. अशांना डावाचे नाव सांगून ‘यात दगा नाही’ म्हणता येते. द्रौपदी खेळायला बसलीच नव्हती.

आमच्या त्या सहकाऱ्यांविषयी मात्र आमचे मन अजून द्विधा आहे. भारतात कोठेही जाण्याची अट मान्य करून त्यांनी नोकरी पत्करली होती, जशी आपण सर्वांनीच पत्करली आहे. पण त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिने कोणत्याही कागदावर सही केलेली नव्हती, आणि नियम वाचून दाखविताना आम्हांला तिची आठवणही झाली नाही.