अपेक्षेपेक्षा अधिक

मनुष्याच्या कर्तृत्वाचे मोल दोन मापांनी करता येते. त्याने प्रत्यक्ष किती केले, हे एक माप. आणि त्याच्या हातून जेवढे होईल असे लोकांस वाटत होते त्याहून त्याने किती अधिक केले, हे दुसरे. पहिले माप सर्वांच्या परिचयाचे आहे. परीक्षेतील गुण, खळ्यातील धान्य, वहीतील शिल्लक ही त्याचीच रूपे होत. दुसरे माप आपण दिवसातून अनेकदा वापरतो, पण त्याचा विचार क्वचितच करतो. ‘याच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती हो!’ हे वाक्य आपल्या घरांत कौतुकानेही उच्चारले जाते आणि संतापानेही. या दुसऱ्या मापाने दिलेला मान न्याय्य ठरतो काय, आणि ठरत असल्यास कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

त्यासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहोत ते अमेरिकेतील एका खेळाचे आहे. जो प्रश्न स्वतःच्या घरात सोडविताना मन हळवे होते, तो परक्याच्या अंगणात अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून ही योजना.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान, अकरा गडी आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. अमेरिका व कॅनडा या देशांत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत धारदार पात्यांचे जोडे घालून, चेंडूऐवजी रबराच्या एका चपट्या चकतीने ती खेळतात. एका वेळी एका बाजूचे सहाच गडी बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. दमछाक एवढी होते की पुढील गड्यांच्या चार फळ्या आळीपाळीने उतरवाव्या लागतात. पहिल्या फळीत नामांकित खेळाडू, तर चौथीत कष्टाळू पण फारसे नाव नसलेले, अशी सामान्यतः वाटणी असते.

बॉस्टन शहराचा ब्रूइन्स नावाचा संघ १९२४ पासून हा खेळ खेळत आला आहे. या संघात १९६८-६९ च्या हंगामापासून ‘सातवा खेळाडू’ या नावाचे एक पारितोषिक दिले जाते. ते सर्वांत उत्तम खेळाडूसाठी नाही. ज्याने त्या हंगामात अपेक्षेपेक्षा सर्वांत अधिक करून दाखविले, त्याच्यासाठी ते आहे. आणि त्याची निवड पंच किंवा तज्ज्ञ करीत नाहीत, संघाचे चाहते मत देऊन करतात. त्यामुळे हंगाम संपत आला की चाहत्यांत वाद सुरू होतो. कोणी नवख्या पोराचे नाव घेतो, कोणी दुखण्यातून उठलेल्या जुन्या गड्याचे, तर कोणी म्हणतो की सर्वांहून जास्त गोल ज्याने केले त्याला डावलणे हा कसला न्याय?

२०१८-१९ च्या हंगामाकडे पाहावे. ब्रॅड मार्शंड या खेळाडूने त्या वर्षी ३६ गोल केले आणि ६४ गोलांस साहाय्य केले, म्हणजे १०० गुण मिळविले. चौथ्या फळीत खेळणाऱ्या ख्रिस वॅग्नर याने गोल केले १२. तो बॉस्टनजवळच्याच वॉलपोल गावचा. पूर्वी कोणत्याही एका हंगामात त्याच्या नावावर दहा गोलही लागले नव्हते. चाहत्यांनी ‘सातवा खेळाडू’ म्हणून निवडले ते वॅग्नरला. छत्तीसांपुढे बारा श्रेष्ठ ठरले, कारण छत्तीस अपेक्षित होते आणि बारा नव्हते.

आता यात गंमत अशी की, हाच मार्शंड एके काळी वॅग्नरच्या जागी उभा होता. २००६ मध्ये नव्या मुलांच्या निवडीत त्याचा क्रमांक ७१ वा लागला. २००९-१० मध्ये वीस सामने खेळून त्याला एकही गोल करता आला नाही. पुढल्या हंगामात त्याने २१ गोल केले, आणि २०११ चा ‘सातवा खेळाडू’ तो ठरला. त्या वर्षी एकवीस गोलांनी लोक चकित झाले; आठ वर्षांनी छत्तीसांनीही चकित झाले नाहीत. मार्शंडचे कर्तृत्व वाढत गेले, पण लोकांची अपेक्षा त्याच्या पुढे धावत गेली.

यावरून पहिली गोष्ट ध्यानी येते. अपेक्षा ही खेळाडूच्या अंगी असलेली वस्तू नव्हे. ती पाहणाराच्या मनात राहते. म्हणून अपेक्षेपेक्षा अधिक केल्याचा मान जेव्हा आपण कोणास देतो, तेव्हा त्या मानात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्याचा पराक्रम, आणि आपल्या अंदाजातील चूक. टिम थॉमस या गोलरक्षकाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. १९९४ मध्ये एका संघाने त्याला निवडले ते २१७ व्या क्रमांकावर. त्यानंतर फिनलंडसारख्या दूर देशांत खेळत त्याची उमेदीची वर्षे गेली. बॉस्टनच्या संघात तो नियमित खेळू लागला तेव्हा त्याचे वय ३१ होते. त्याच २००५-०६ च्या हंगामात चाहत्यांनी त्याला ‘सातवा खेळाडू’ केले. आता विचार करावा की, हे सर्व सामर्थ्य थॉमसच्या अंगी त्याच वर्षी अचानक आले काय? कष्टाने त्यात भर पडली असेलच. पण काही अंश तरी आधीपासून असला पाहिजे आणि पारख करणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटला असला पाहिजे. तेवढ्या अंशापुरते ते पारितोषिक म्हणजे लोकांनी केलेली भरपाई होती. भरपाई करणे हेही पुण्यच आहे; मात्र तिला कोणी दान म्हणू नये.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. ज्याच्याकडून पुष्कळ अपेक्षा असते आणि जो ती वर्षानुवर्षे पुरी करतो, त्याचे काय? पॅट्रिस बर्जरॉन हा ब्रूइन्सचा खेळाडू २०२३ मध्ये निवृत्त झाला. गोल करण्याबरोबरच स्वतःच्या गोलाच्या रक्षणासाठी मागे धावून येणाऱ्या पुढल्या फळीतील गड्यास सेल्की नावाचे पारितोषिक मिळते. बर्जरॉनने ते २०१२ ते २०२३ या काळात सहा वेळा मिळविले. इतक्या वेळा दुसऱ्या कोणासही मिळालेले नाही. असा मनुष्य संघात असला म्हणजे लोक निश्चिंत होतात, आणि जेथे निश्चिंती आली तेथे नवल संपते. अतिपरिचयाने अवज्ञा होते असे आपले पूर्वज सांगून गेले, ते केवळ माणसाच्या सहवासाविषयी नव्हे. गुणांच्या सहवासालाही ते लागू आहे. रोज उगवणाऱ्या सूर्याचे कोणी अभिनंदन करीत नाही, पण वीज चमकली की सारे अंगणात येतात.

मग हे दुसरे माप टाकूनच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पहिल्या मापाने प्रत्येक वर्षी पहिल्या फळीचाच गौरव होईल. ज्याला संधी कमी, बर्फावर उतरण्याची मिनिटे थोडी, त्याने हाती असलेल्या साधनांतून जे निर्माण केले त्याची नोंद त्या मापात होऊच शकत नाही. बारा गोल हा आकडा लहान खरा, परंतु तो कोठून निघाला हे पाहिल्याविना त्याची किंमत कळत नाही. विहिरीला पाणी किती लागले एवढेच न पाहता ती कातळात खणली की मऊ मातीत, हेही जो पाहतो तोच खरा पारखी. दुसऱ्या मापाचे समर्थन आहे ते येथे. अपेक्षा ही लोकांची लहर न राहता मनुष्याच्या साधनांचा व अडचणींचा प्रामाणिक हिशेब झाली, म्हणजे तिच्यावर आधारलेला मान न्याय्य होतो.

या कसोटीवर २०११ ची निवडही पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे. मार्शंडला तो मान मिळाला त्या हंगामात टिम थॉमसने काय केले होते? आधल्या वर्षी टुका रास्क या तरुण गोलरक्षकाने त्याची जागा घेतली होती. मे २०१० मध्ये थॉमसच्या कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. वय छत्तीस. तरीही तो परतला, आणि त्याच्यावर आलेल्या दर हजार फटक्यांपैकी ९३८ या प्रमाणात त्याने अडविले. एका हंगामात एवढे प्रमाण त्यापूर्वी कोणी राखले नव्हते. साधनांचा व अडचणींचा हिशेब केला तर त्याचा हक्क नवख्या मार्शंडहून कमी नव्हता, असे आमचे मत आहे. पण थॉमसने २००९ मध्ये सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचे व्हेझिना पारितोषिक एकदा मिळविले होते. जो एकदा शिखरावर दिसला, तो पुन्हा दिसला तर लोकांस त्यात विशेष वाटत नाही; मध्यंतरी तो दरीत उतरून पुन्हा चढला, हे ते विसरतात. १५ जून २०११ रोजी ब्रूइन्सनी व्हँकूव्हरचा ४-० असा पराभव करून १९७२ नंतर प्रथमच स्टॅन्ले चषक जिंकला. त्या सामन्यात मार्शंडने दोन गोल केले आणि थॉमसने एकही होऊ दिला नाही. एकाचा पराक्रम दुसऱ्यावाचून अपुरा होता. चाहत्यांना मात्र ‘सातवा’ एकच निवडावयाचा होता.

आणखी एक धोका सांगितला पाहिजे. २०२०-२१ मध्ये निक रिची याने १५ गोल केले व ‘सातवा खेळाडू’ हा मान मिळविला. त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याशी करार पुढे चालविला नाही आणि तो टोरांटोच्या संघात गेला. व्यवस्थापकांचा हिशेब वेगळा असतो, त्याबद्दल त्यांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु ‘आम्हांला तुझ्याकडून एवढे वाटले नव्हते’ हे कौतुक किती ठिसूळ असते, ते यावरून दिसते. त्यात आदर असतो, पण भरवसा असतोच असे नाही. ज्याच्यावर भरवसा टाकला जातो त्याला टाळ्या मिळत नाहीत, आणि ज्याला टाळ्या मिळतात त्याच्यावर भरवसा टाकला जात नाही, असा हा विचित्र व्यवहार आहे.

हा व्यवहार बॉस्टनचाच आहे असे वाचकांनी समजू नये. घरातला व्रात्य मुलगा एकदा वेळेवर अभ्यासाला बसला की आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना सांगितले जाते. त्याची थोरली बहीण रोज अभ्यास करून आईला हातभार लावते, तिची वार्ता कोणाच्या कानी जात नाही. उत्सवात एरवी न फिरकणाऱ्या गृहस्थाने एक दिवस पंक्तीत वाढले तर त्याला श्रीफळ मिळते. पहाटे उठून समया घासणारी माउली गृहीत धरली जाते. त्या मुलाचे किंवा त्या गृहस्थाचे कौतुक करू नये असे आमचे म्हणणे नाही. पहिल्या पावलाला टाळी मिळाली नाही तर दुसरे पाऊल पडत नाही. परंतु त्याचे कौतुक करताना त्या बहिणीचा आणि त्या माउलीचा हक्क बुडता कामा नये. त्यांच्याकडून आपण अधिक अपेक्षितो याचा अर्थ आपण त्यांचे अधिक देणे लागतो, असा आहे.

तेव्हा ‘अपेक्षेपेक्षा अधिक’ असा शेरा कोणाच्या नावापुढे लिहिण्यापूर्वी आपली अपेक्षा मुळात किती होती आणि ती तेवढीच का होती, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. ती त्याची जात, गाव, रूप किंवा मागील एखादे अपयश पाहून ठरविली असेल, तर त्याला मान देताना मनातल्या मनात त्याची क्षमाही मागावी. ती त्याच्या खऱ्या अडचणी जाणून ठरविली असेल, तर तो मान मोकळ्या मनाने द्यावा आणि पुढील वेळी त्याच्यावर थोडा अधिक भरवसा टाकावा. आणि वर्षाकाठी एक दिवस तरी असा काढावा की ज्या दिवशी नवल वाटण्याजोगे काहीही न करता, केवळ आपले काम नेहमीप्रमाणे चोख केलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घेतले जाईल.