चूक आणि शून्य

चुकणें हा दोष, कीं चुकीला चिकटून राहणें हा? गणितापुरतें उत्तर स्पष्ट आहे. २ चें वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकानें नेमकें सांगतां येत नाहीं. म्हणून गणिती प्रथम धीटपणें एक चुकीचें उत्तर मांडतो. समजा, १. मग २ ला त्या उत्तरानें भागावें, आणि भागाकार व तें उत्तर यांची सरासरी घ्यावी. ३/२ येतो, पुन्हां तसेंच केल्यास १७/१२, तिसऱ्या खेपेस ५७७/४०८. याचा वर्ग २ हून केवळ १/१६६४६४ नें अधिक! शुल्बसूत्रांतील मूल्यही एवढेंच आहे. न्यूटन व रॅफसन यांच्या नांवाच्या रीतीचें हें सोपें रूप होय.

या रीतीला चूक चालते. शून्य मात्र चालत नाहीं, कारण शून्यानें भागतां येत नाहीं. चुकण्याच्या भीतीनें जो कांहींच मांडीत नाहीं, त्याला ती पुढें नेऊं शकत नाहीं.

हें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर शिकविलें, आणि त्याच वर्गांत चुकीचें उत्तर देणाऱ्याची थट्टाही केली. हळूहळू मुलें गप्प बसूं लागलीं. ती शांतता मला शिस्त वाटली. आतां कळतें, तें शून्य होतें.