सोडून जाणाऱ्याचा धर्म

सणासुदीचे दिवस जवळ आले की भुसावळला शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा मार्ग, डीजेचा आवाज, विसर्जनाची वेळ हे विषय निकालात निघाले की भाषणे सुरू होतात. सगळे धर्म प्रेमच शिकवतात, हे वाक्य दोन्ही बाजूंकडून एकेकदा म्हणून होते आणि चहा येतो. या वाक्याबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. अलीकडे मात्र सभांतून, फलकांवरून आणि मोबाइलवरून त्याच्या शेजारी दुसरे एक वाक्य येऊन बसले आहे: आमचा धर्म मुळातच सहिष्णू, म्हणून तर हे सगळे इथे सुखाने राहू शकले. बोलणाऱ्याचा सूर गोड असतो, ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. मला उघड शिवीपेक्षा हे वाक्य जास्त खुपते. शिवी देणाऱ्याला आपण शिवी देतो आहोत हे ठाऊक तरी असते. इथे शेजाऱ्याला त्याच्याच गावात पाहुणा ठरवले जाते, आणि वर त्याने आभारही मानावेत अशी अपेक्षा असते.

धर्म द्वेष शिकवतो की दया, हा वाद मला म्हणूनच अर्धवट वाटतो. कोणत्याही मोठ्या धर्माच्या पोथीत दोन्हींना पुरेल इतका मजकूर असतो. उघडणारा आपल्याला हवे ते पान उघडतो. जन्मानेच परका असलेल्याशी बरे वागणे त्या मानाने सोपे आहे. आमच्या गावात रेल्वेची क्वार्टर पगाराच्या श्रेणीप्रमाणे मिळतात, धर्म पाहून नाही. त्यामुळे एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे लेवा पाटील, बौद्ध, मलयाळी ख्रिस्ती, मुसलमान अशी बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या राहिली, भरताची आणि शीरखुर्म्याची देवाणघेवाण झाली. त्यात कोणाच्याही धर्माची कसोटी लागली नाही. कसोटी लागते ती आपल्यातला कोणी उठून पलीकडे जातो तेव्हा.

या कसोटीवर आपला इतिहास लावून पाहिला तर बराचसा भाग भराभर मागे टाकता येतो. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाची हानी करतो, असे अशोकाने बाराव्या शिलालेखात कोरून ठेवले. अकबराचा सुलह-ए-कुल शाळेतल्या पुस्तकांत असतो. आणि आम्हा खानदेशकरांचे लाडके उदाहरण म्हणजे बुऱ्हाणपूरची जामा मशीद. फारुकी घराण्याच्या आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या शेवटी ती बांधली आणि आत अरबीबरोबर चक्क संस्कृत लेख कोरवला. भुसावळहून गाडीने तासाभरात जाऊन तो पाहता येतो. पाहताना मन भरून येते, हेही खरे. पण ही सगळी राजांची उदारता आहे. वरून खाली आलेली, आणि पुढच्या राजाला वाटले तर परत घेता येणारी.

एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद मात्र वेगळ्या जातीचा. त्यात दोघे एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टवाळी करतात. आज तो एखाद्या चौकात वाचला तर दोन्हीकडून गुन्हे दाखल होतील. आणि शेवटी ते गळ्यात गळा घालतात. भाषणांत या संवादाचा शेवट तेवढा सांगतात. अधली टवाळी गाळली की गळाभेटीत काही उरत नाही, शांतता समितीचा चहा उरतो. तरीही नाथांचा हिंदू हिंदूच राहतो आणि तुर्क तुर्कच. कोणी कुंपण ओलांडत नाही.

कुंपण ओलांडले ते जोतीराव फुल्यांनी, आणि नेमक्या याच ठिकाणी त्यांना सगळे चुकीचे वाचतात असे माझे म्हणणे आहे. १८८८ साली पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडल्यावर डाव्या हाताने लिहून काढलेले त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून मर्जी झाल्यास तो धर्म स्वीकारावा. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म पत्करावा; आणि या सगळ्यांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदावे.

हा उतारा महात्मा फुले जयंतीच्या दर भाषणात येतो आणि त्यावर सर्वधर्मसमभावाची चिठ्ठी डकवली जाते. जणू फुले म्हणजे चाळीस वर्षे आधी जन्मलेले गांधी. पण समभावाचा आणि त्या घराचा संबंध काय? याच पुस्तकात फुले स्पष्ट सांगतात की आरंभापासून शेवटपर्यंत सत्य असलेला असा एकही धर्मग्रंथ नाही. ‘गुलामगिरी’त अवतारकथांची त्यांनी केलेली चिरफाड आठवा; ती करणारा माणूस सगळे धर्म सारखेच थोर आहेत असे म्हणणारा नव्हे. ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी आणि महंमदाविषयी ते फार मऊ होते, हा त्यांच्यावरचा आक्षेपही मला खोटा वाटत नाही. पण त्या घरात आदर धर्मांचा नाही, माणसांचा आहे. बाई, नवरा, मुलगी, मुलगा: प्रत्येकाने स्वतः वाचायचे, स्वतः ठरवायचे. त्यातही बाईचा क्रम पहिला. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे ज्या काळात गृहीत होते, त्या काळात ही नुसती उदारता नव्हती. आणि त्या घरात यजमान कोणीच नाही. तिथे आम्ही तुम्हाला राहू दिले, असे कोण कोणाला म्हणणार?

आता गांधींकडे येऊ. सप्टेंबर १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सहिष्णुतेची कल्पनाच नाकारली. सहन करण्यात दुसऱ्याचा धर्म कमी दर्जाचा असल्याचे गृहीत असते, आणि अहिंसा तर आपलाही धर्म अपूर्ण आहे हे कबूल करायला लावते, असा त्यांचा युक्तिवाद. शांतता समितीत टाळ्या घेणाऱ्या त्या वाक्याला यापेक्षा नेमके उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. इथपर्यंत फुले आणि गांधी बरोबर चालतात. सगळे धर्म अपूर्ण, हे दोघांनाही मान्य आहे. फाटा पुढे फुटतो. फुले म्हणतात, अपूर्ण आहेत, तेव्हा वाचा आणि निवडा. गांधी म्हणतात, अपूर्ण आहेत, तेव्हा आहात तिथेच राहा आणि आपला धर्म सुधारा.

हा फाटा किती महाग पडतो ते १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात कळले. हिंदू म्हणून मरणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी जाहीर केले आणि गांधींची प्रतिक्रिया आली की धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे, वाटेल तेव्हा बदलायला. सगळे धर्म सारखे असतील तर सोडून जायचे कशाला, हा समभावाच्या पोटातला प्रश्न तिथे बाहेर पडला. जो घरात सुखी आहे त्याच्या तोंडी तो शोभतो. ज्याला ओसरीवरही चढू दिले नाही त्याला तो विचारणे ही क्रूरता आहे, मग विचारणारा गांधींइतका निर्मळ का असेना. मी हे खानदेशात बसून, साने गुरुजींच्या प्रार्थना म्हणत वाढलेल्यांसाठी लिहितो आहे, त्यामुळे जपून लिहितो. गुरुजींनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेतली, १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून प्राण पणाला लावले. विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि त्याचे सार काढले. एवढा अभ्यास आणि एवढे प्रेम आज कोणाकडे आहे? पण हे प्रेम आत राहणाऱ्यांसाठी आणि जन्मानेच बाहेर असणाऱ्यांसाठी होते. उठून जाणाऱ्याला त्यात जागा नव्हती. नागपूरला १९५६ मध्ये लाखो माणसे उठून गेली, आणि सहिष्णुतेचा अभिमान मिरवणाऱ्या समाजाने गावोगावी त्यांच्याशी कसे वर्तन केले, हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत.

फुल्यांचे घर निव्वळ कल्पना होती असे म्हणून सुटता येत नाही, कारण त्यांचे पुस्तक आल्यावर चारच वर्षांनी मराठीत तसे एक घर खरोखर उभे राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. आधी काही वर्षे ताटातूट, मग नगरला नवऱ्याजवळ येऊनही स्वतःचे सोवळे आणि स्वतःची चूल वेगळी. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या सोवळ्याच्या फजित्यांवर इतके हसतो की एक गोष्ट निसटते. टिळकांनी बायकोला आपल्यामागे ओढून नेले नाही. पाच वर्षे घालवून, जातिभेद माणसांनीच केलेला आहे असे स्वतःशी ठरवून, १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ती वर्षे गोड नव्हती. भांडणे, अबोले, रडारड सगळे आहे. एका घरात दोन धर्म म्हणजे रोजचे प्रश्न: पाणी कोणी भरायचे, मुलाने कोणाच्या पंगतीला बसायचे. फुल्यांनी त्या घराच्या स्वयंपाकघराविषयी काही लिहिले नाही. ते लक्ष्मीबाईंना लिहावे लागले.

ही कसोटी एकट्या हिंदूंसाठी आहे असे समजून कोणी सुखावू नये. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले, आणि नावातच फुल्यांचा वारसा सांगितला. ते धर्म सोडून दुसऱ्या धर्मात गेले नव्हते, फक्त प्रश्न विचारत होते. तेवढ्यावर त्यांना बहिष्कार आणि धमक्या मिळाल्या. १९७७ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणतेही विधी न करता दहन झाले, तेही अनेकांना रुचले नाही. इस्लाम म्हणजे शांती, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आमच्या मुसलमान मित्रांनी दलवाईंचे नाव त्याच व्यासपीठावर घेऊन पाहावे. आणि दलवाईंचे नाव टाळ्यांसाठी घेणाऱ्या हिंदू वक्त्यांनी येवल्याचे घ्यावे.

आज या प्रश्नात सरकार उतरले आहे. आंतरधर्मीय विवाहांसाठी महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये एक समन्वय समिती नेमली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली दुसरी, कायद्याचा विचार करण्यासाठी. फसवणूक आणि जबरदस्ती होतेच ना, असे मला विचारतात. होते. त्यासाठी फसवणुकीचा आणि जबरदस्तीचा कायदा आहे, तो कोणत्याही धर्माच्या फसवणाऱ्याला लागू होतो. नव्या कायद्यांचा संशय मात्र फसवणाऱ्यावर थांबत नाही, निवडणाऱ्यावर जातो, आणि विशेष करून मुलीवर. तिने कुराण वाचून ठरवले असेल, ही फुल्यांना सहज सुचलेली शक्यता या कायद्यांच्या मसुदाकारांना सुचतच नाही.

तापी ओलांडून पलीकडे, बुऱ्हाणपूर ज्या राज्यात आहे तिथे, हे आधीच घडले आहे. मध्य प्रदेशाच्या २०२१च्या कायद्याने धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंतरिम आदेश देऊन त्या अटीपायी कारवाई करण्यास अटकाव केला. कायदा पुस्तकात आहे तसाच आहे. आणि बुऱ्हाणपुरात जामा मशिदीतला संस्कृत लेख पाहायला शाळांच्या सहली जातात आणि मुलांना सांगितले जाते, बघा, आपण पूर्वीपासून किती सहिष्णू होतो.